वर्गात मतं घ्यायची: कागदी कार्ड, तयार अॅप की स्वतःचं सॉफ्टवेअर?

नागपुरात धरमपेठेतला पन्नास पोरांचा क्लास आणि वसंतराव देशपांडे सभागृहातलं व्याख्यान या दोन्हींची गरज वेगळी. त्यामुळे खर्चात पडण्याआधी एवढंच बघा: समोरच्यांच्या हातात मोबाइल असेल का?

नसेल तर प्लिकर्स हे कागदी कार्डं वाचणारं अॅप घ्या, जास्त विचार करू नका. प्रत्येक पोराकडे नक्षीचं एक कागदी कार्ड असतं आणि ते फिरवून जी बाजू वर धरली, ते त्याचं उत्तर. सर आपला फोन वर्गावरून फिरवतात आणि नावासकट नोंद होते. शेजाऱ्याला नक्षीवरून काही कळत नाही. नेहमीच्या संचात 40 कार्डं, मोठ्यात 63. चकचकीत लॅमिनेशन मात्र टाळा. ट्यूबलाइट चमकली की कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही.

मोबाइल असतील तर सभागृहासाठी मेंटीमीटर किंवा स्लायडो ही मोबाइलवरून मत घेणारी तयार अॅप्स. क्यूआर कोड स्कॅन केला की झालं. श्रोत्यांचे प्रश्न गोळा करून त्यांतले कोणते आधी घ्यायचे, हे श्रोत्यांच्याच मतांवर ठरवायचं असेल तर स्लायडो उजवं. फुकटातल्या मर्यादा आधी वाचून घ्या.

स्वतः बनवायचं तर प्रश्न, उत्तर येण्याचा मार्ग आणि पडद्यावरचा निकाल हे तीन भाग सुटे ठेवा. मग कार्ड असो की मोबाइल, प्रश्न तोच राहतो. ‘एका आयपीला (इंटरनेटवरच्या पत्त्याला) एक मत’ हा नियम चुकूनही लावू नका. कॉलेजच्या वायफायवर अख्खा वर्ग बहुधा एकाच आयपीवरून दिसतो आणि पहिल्या मतानंतर बाकीचे बाहेर. नेट तुटलं तर उत्तर फोनमध्येच थांबावं, पुन्हा पाठवलं तरी दोनदा मोजलं जाऊ नये.

खरा फायदा दुसऱ्या फेरीचा. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मेझर 1991 पासून प्रश्न विचारतात आणि साधारण 30 ते 70 टक्के उत्तरं बरोबर आली, तर शेजाऱ्याशी चर्चा करायला लावून तोच प्रश्न पुन्हा विचारतात. तोवर पहिल्या फेरीचा निकाल झाकलेला हवा, नाहीतर सगळे उंच पट्टीकडेच वळतात. मी पहिलं मॉड्यूल हेच लिहीन. दुसरं मराठीसाठी: ‘शाळा’, ‘शाळेत’ आणि रोमन लिपीतलं ‘shala’ शब्दमेघात (जास्त वेळा आलेला शब्द मोठा दाखवणाऱ्या चित्रात) एकत्र मोजणारं.

पण अंतिम वर्षाची पोरं प्रोजेक्ट म्हणून बनवून देणार असतील, तर ती पास होऊन पुण्याला गेल्यावर सर्व्हर कोण सांभाळणार? नाव सांगता येत नसेल तर स्लायडोच बरं.