व्हेनम: १९८८ चा की १९९३ चा?

१९८८ मधला व्हेनम, म्हणजे मार्व्हल कॉमिक्समधला स्पायडरमॅनचा शत्रू, वाचताना अंगावर काटा येतो, तो त्याच्या दातांमुळे नाही. स्पायडरमॅनला धोक्याची चाहूल आधीच लागते, पण व्हेनम पाठीशी येऊन उभा राहिला तरी ती लागत नाही! पीटरने (म्हणजे स्पायडरमॅननेच) झिडकारलेला परग्रहावरचा जीव आणि भलत्यालाच खुनी म्हणून छापल्यामुळे नोकरी गमावलेला पत्रकार एडी ब्रॉक, दोघांचा राग एकाच अंगात. म्हणून तो ‘मी’ नाही, ‘आम्ही’ म्हणतो.

१९९३ च्या मालिकेत तो सॅन फ्रान्सिस्कोला जातो, निरपराधांचा रक्षक बनतो. दहशत कमी होते, हे खरंच. तरी पुन्हा पुन्हा वाचायला मी हाच काढतो. निरपराधांबद्दलचा कळवळा एडीच्या मनात आधीपासून होता. फक्त स्वतःच्या चुकीचं खापर तो स्पायडरमॅनच्या डोक्यावर फोडत होता.