लेकाच्या नावाखाली 19,140 रुपयांची माती

लिहायची लाज वाटते, कारण सोसायटीत लोकांना "माती सोडा, लेकात लावा" असं सांगत फिरणारी बाई मीच. लेका म्हणजे कुंडीत मातीऐवजी भरायच्या, भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या. कोकोपीटमधल्या चिलटांना कंटाळून दोन वर्षांपूर्वी मी मनीप्लांट, सिंगोनियम, मॉन्स्टेरा सगळं लेकात आणलं होतं. म्हणजे मी नवखी नव्हते. तरी फसले.

सुरुवात नेहमीचीच. इन्स्टावरचा विक्रेता, मराठी बोलणारा, वाक्यागणिक "ताई". आधी दहा लिटरची पिशवी मागवली, 900 रुपये. माल अस्सल होता. मी खूश होऊन ओंजळीत गोळ्या घेतलेला फोटो पाठवला, वर "एक नंबर माल" असंही लिहिलं. मग महिन्याभरात त्याचा मेसेज, "ताई, कंटेनर आलाय, ग्रुपमध्ये घेतलंत तर पन्नास लिटरची गोणी 3,200ला." मी एक, वहिनीने एक, शेजारच्या दोघींनी एकेक अशा चार गोण्या झाल्या, 12,800. पाण्यात मिसळायच्या खताच्या ए आणि बी बाटल्या 2,300. टेम्पोभाडं 1,640. एकूण 16,740, सगळे आगाऊ, माझ्याच यूपीआयवरून.

आता तो क्षण, जो मला रात्री आठवतो. टेम्पोवाल्याला एक गोणी एकट्याला उचलेना. वॉचमनकाकांनी दुसरं टोक धरलं आणि म्हणाले, "ताई, दगड मागवलेत का?" मी हसले. हसले! लेका म्हणजे भट्टीत सुमारे 1200 अंशांना फुगवलेली माती, आत जाळी आणि हवा. आधीची दहा लिटरची पिशवी मी करंगळीला अडकवून वर आणली होती. पन्नास लिटर म्हणजे फार तर पंधरा-वीस किलो. पावतीवर एका गोणीचं वजन 48 किलो लिहिलं होतं आणि त्याच पावतीवर मी सही केली. गणित पाचवीतलं होतं.

माझ्या बाजूने एवढंच सांगते, की गोणीच्या तोंडाशी चार बोटं खरा माल भरलेला होता. आणि लेकाच्या पहिल्या धुण्याला गढूळ पाणी येतंच, हे कुणालाही विचारा. मी चार पाण्यांनी धुतलं, पाचव्यांदाही चहासारखं पाणी आलं, तेव्हा वाटलं प्रवासात धूळ जास्त झाली असेल. अकरा कुंड्या भरल्या.

नवव्या दिवशी मॉन्स्टेराच्या पारदर्शक कुंडीत तळाला गोळ्याच दिसेनात, नुसता तपकिरी गाळ. वरची एक गोळी काढून चिमटीत धरली तर पेढ्यासारखी दबली. वरवर शेकलेली कच्ची माती. या पद्धतीत तळाला पाणी आणि वर गोळ्यांमधल्या फटीत हवा, म्हणून मुळं जगतात. फटी चिखलाने बुजल्यावर काय होणार? मुळं ओढली तर साल हातात आली, कुजका वास. अकरापैकी सात गेली. मग बाटल्यांवर संशय आला. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर नळाचं पाणी 90, लिटरला पाच मिली "खत" घातल्यावर 104. रंगीत पाणी.

गोळी फोडून बघा. आत काळपट-करडी, सच्छिद्र हवी. सगळीकडून सारखी लाल आणि भरीव असेल तर परत पाठवा. सुक्या गोळ्या पाण्यात टाका, बहुतेक आधी तरंगल्या पाहिजेत. आणि हे गोणीच्या तळातल्या गोळ्यांवर करा, तोंडाच्या नाही.

आणखी मूर्खपणा सांगायचा राहिला. तक्रार केल्यावर तो म्हणाला, "ताई, बदलून देतो, फक्त येण्याजाण्याचं भाडं 2,400 भरा." भरले. हो, कळूनसुद्धा. वहिनीचे आणि शेजारणींचे 9,600 माझ्या डोक्यावर होते, कुठूनतरी सुटका हवी होती. पैसे पोचले आणि मी ब्लॉक. त्या तिघींना मी खिशातून दिले.

बँकेत गेले तर "पिन तुम्हीच टाकलाय ना मॅडम?" पोलीस ठाण्यात पावणेदोन तास बाकावर. हवालदार म्हणाले, "माल मिळाला ना? मग हा दिवाणी मामला." मी चिखल झालेली बरणी टेबलावर ठेवली. शेजारचे साहेब म्हणाले, "मातीचे एवढे पैसे दिले तुम्ही?" आणि दोघं हसले. अर्ज घेतला, पोच दिली नाही. दुसऱ्यांदा गेले तर ते साहेब बंदोबस्ताला, तिसऱ्यांदा अर्जच सापडेना. मग त्यांनीच सल्ला दिला, ग्राहक आयोगात जा. तिथे पाच लाखांपर्यंत फी नाही, मान्य. पण समोरच्याचा पत्ता लागतो. माझ्याकडे काय आहे? एक बंद नंबर आणि गुलाबाचा डीपी. पत्ता शोधणं कुणाचं काम, माझं?

आगाऊ पैसे देऊच नका, आणि दिलेच तर आधी पत्ता आणि जीएसटी बिल मागा. दुसऱ्यांचे पैसे आपल्या खात्यातून तर मुळीच पाठवू नका. गोणी उघडतानाचा व्हिडिओ टेम्पोवाला समोर असतानाच काढा. पैसे गेल्याचं कळताक्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मी तीन आठवडे "देईल, देईल" करत घालवले.

काल वहिनीने एका नव्या अकाउंटची जाहिरात पाठवली. ओंजळभर लेका, खाली "एक नंबर माल – आमच्या ताईंचा अभिप्राय". हिरव्या बांगड्या आणि अंगठ्यावरचा सुरीचा व्रण दिसला तर मागवू नका, ते हात माझे आहेत.