बारा आठवडे, एक गाल: एका ‘अँटी-एजिंग’ नाइट क्रीमचा अनुभव

मी जाहिरातींचे फोटो कॉम्प्युटरवर साफ करते, म्हणजे चेहऱ्यांवरचे डाग, सुरकुत्या पुसते. बावीस वर्षं झाली. इतर कुणी सुरकुत्यांचं क्रीम घेऊन फसलं तर समजू शकते, मला खरं तर लाजच वाटायला हवी. तरी घेतलं. एकावन्नावं लागलं त्या आठवड्यात लिफ्टच्या आरशात, वरून पडणाऱ्या उजेडात स्वतःचा चेहरा दिसला आणि त्याच दिवशी मोबाइलवर ती जाहिरात आली. पुढचं सांगायला नको.

क्रीमचं नाव लिहीत नाही. अशा डब्या डझनाने मिळतात आणि मी जे सांगणार आहे ते त्यातल्या बऱ्याच डब्यांना लागू पडेल.

आधी डबी. जाड पारदर्शक काच, सोनेरी झाकण, रुंद तोंड, सोबत इवलासा प्लॅस्टिकचा चमचा. हातात वजनदार लागते, पण तळ इतका जाड की निम्मं वजन काचेचंच. यात रेटिनॉल आहे, म्हणजे सुरकुत्यांसाठी वापरतात ते ‘अ’ जीवनसत्त्वाचं एक रूप. रेटिनॉल असलेल्या क्रीमला याहून वाईट घर शोधून सापडायचं नाही. रेटिनॉल उजेडाने आणि हवेने खराब होतं, म्हणून ते ट्यूबमध्ये नाहीतर पंपाच्या बाटलीत असलेलं बरं. इथे रोज रात्री झाकण उघडायचं आणि थोडं थोडं वाया घालवायचं.

घटकांची यादी चष्मा लावून वाचली. जे जास्त ते आधी, हा नियम एक टक्क्यापर्यंतच. त्याखालचे घटक कुठल्याही क्रमाने लिहिता येतात. इथे पाणी, ग्लिसरीन, दोन-तीन प्रकारची तेलं, मग सुगंध आणि सुगंधाच्याही मागे रेटिनॉल. रेटिनॉल थोडं असलं तरी काम करतं, त्यामुळे एवढ्यावरून नावं ठेवणार नाही. पण झाकणावर ज्याचं नाव सोनेरी अक्षरांत, तो पंगतीत इतका शेवटी बसलेला बघून हसू आलं. कोलॅजनही आहे म्हणे, त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन. कोलॅजनचा रेणू सुमारे ३ लाख डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप), आणि त्वचेतून सहज आत जायची मर्यादा साधारण ५०० डाल्टनची धरतात. तुकडे करून घातलं तरी बहुतेक ते वरच बसणार, ओलावा धरणार आणि सकाळी तोंड धुतलं की जाणार. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजन कमी होतं. ही तूट बाहेरून लेप देऊन भरून येत नाही.

आता प्रयोग. उजव्या बाजूला हे क्रीम, डाव्या बाजूला माझं नेहमीचं बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर. दर रविवारी सकाळी तीच खिडकी, तीच खुर्ची, तीच लेन्स. मेकअप नाही आणि फाइलला हात लावायचा नाही. खोक्यावर दोन आठवड्यांत फरक दिसेल असं लिहिलंय. रेटिनॉलला त्याहून बराच वेळ लागतो, म्हणून मी बारा आठवडे धरले.

पहिल्या आठवड्यात उजवा गाल ताणल्यासारखा झाला आणि नाकपुडीच्या कडेला पापुद्रे सुटले. आधी आठवड्यातून दोनदाच लावा, सवय झाली की वाढवा, एवढं एक वाक्य खोक्यावर हवं होतं. ते नाही. दिवसा सनस्क्रीन लावा हे आहे, पण मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. चौथ्या आठवड्यापासून त्रास थांबला. क्रीम घट्ट आहे, मुरायला दहा मिनिटं घेतं, तोवर आडवं व्हायचं नाही. झालात तर अर्धं उशीच्या अभ्र्याला. वास उग्र.

बाराव्या रविवारी पहिला आणि शेवटचा फोटो शेजारी शेजारी लावून ४०० टक्के मोठा केला. उजव्या कपाळावर पोत किंचित एकसारखा झालाय, हे खरं. डोळ्याच्या कडेच्या रेषा जिथल्या तिथे. मुलीला बोलावून विचारलं, कुठल्या बाजूला क्रीम लावलं असेल? तिने नीट निरखून डावा गाल दाखवला. “आई, हा जास्त छान दिसतोय.” डावा म्हणजे साधं मॉइश्चरायझर.

तर क्रीम वाईट नाही. कोरड्या त्वचेला ठीक. प्रश्न जाहिरातीचा आहे.

त्यात एक नामांकित अभिनेत्री आहे, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. कपाळ केसांपासून भुवईपर्यंत एका रंगाचं. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत येणारी घडी अशी उचललीय की तिथे सावलीसुद्धा पडत नाही. रंध्रं पुसली आणि मग खोटा पोत परत चढवला, कारण अगदी गुळगुळीत ठेवलं तर लोक ओळखतात. मला काम दिसतं, नक्षी बघून सोनाराला हात ओळखता यावा तसं. फक्त कानाची पाळी राहिली होती. तिच्यावर दोन बारीक सुरकुत्या होत्या, अगदी माझ्यासारख्या. साफ करणाऱ्याची नजर तिथवर पोचली नाही. त्या पाळीकडे मी बराच वेळ बघत बसले.

हे फक्त माझ्या डोळ्यांना दिसतं असंही नाही. २००९ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने मॉडेल ट्विगीची डोळ्यांच्या क्रीमची जाहिरात अडवली, कारण साठीच्या बाईच्या डोळ्यांभोवतीची कातडी फोटोत साफ केलेली होती. २०१२ मध्ये अभिनेत्री रेचल वाइझची अडवली. ती तेव्हा चाळिशीच्या सुरुवातीला होती. क्रीमने जे होतं म्हणून सांगितलं, ते प्रत्यक्षात माझ्या धंद्यातल्या कुणीतरी केलं होतं.

त्याच वयाच्या नटाची फाइल येते तेव्हा सोबत सूचना असते: रेषा ठेवा, भारदस्त वाटतो. नटीच्या फाइलला: थकलेली दिसते, जरा फ्रेश करा. दोघं एकाच शूटला, एकाच लाइटखाली बसलेली असतात. २०१५ मध्ये हॉलिवूडची अभिनेत्री मॅगी जिलेनहालने सांगितलं होतं की ५५ वर्षांच्या नायकाची प्रेयसी म्हणून ती मोठी वाटते, असं कारण तिला दिलं गेलं. तिचं वय तेव्हा ३७. ते वाचल्यावर मला माझ्या फोल्डरमधल्या सूचना आठवल्या. अभिनेत्री इझाबेला रोझेलिनी १९८२ पासून लँकोम या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीचा चेहरा होती. चाळिशीत वय झालं म्हणून तिला काढलं, आणि २०१६ मध्ये, तिची साठी उलटल्यावर, त्याच कंपनीने परत बोलावलं. मधल्या वीसेक वर्षांत ती कुठे नाहीशी झाली नव्हती.

आणि बायकांनी करावं तरी काय? चेहऱ्यावर काही करून घेतलं तर २०२३ च्या ग्रॅमी संगीत पुरस्कारांनंतर गायिका मॅडोनाला चेहऱ्यावरून ऐकावं लागलं तसं ऐकायचं. काहीच केलं नाही तर? त्याच वर्षी अभिनेत्री पॅमेला अँडरसन मेकअपशिवाय पॅरिसच्या फॅशन वीकला गेली आणि जगभर तिच्या धैर्याचं कौतुक झालं. तोंड धुऊन घराबाहेर पडायला धैर्य लागतं म्हणे! मला अभिनेत्री केट विन्स्लेटचं आवडलं. २०२१ च्या मालिकेच्या पोस्टरवर डोळ्यांच्या कडेच्या रेषा पुसल्या होत्या, म्हणून तिने ते दोनदा परत पाठवलं. ते दोनदा साफ करणाऱ्या माणसाचा चेहरा बघायला हवा होता.

परत डबीकडे. घ्यावी का? रेटिनॉलच हवं असेल तर ट्यूबमधलं घ्या, हळूहळू सुरू करा, गरोदर असाल तर लावूच नका. त्याआधी सनस्क्रीन. ऑस्ट्रेलियात ९०३ जणांवर साडेचार वर्षं केलेल्या अभ्यासात रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा कमी म्हातारी झाली होती, आणि सनस्क्रीनची जाहिरात करायला कुणाचं कपाळ पुसावं लागत नाही. माझी डबी अर्धी उरलीय. टाचांना लावतेय, तिथे उत्तम.

गेल्या आठवड्यात एक फाइल आली. नटी पन्नाशीची, प्रॉडक्ट सीरम. मी कपाळ केलं, डाग काढले, पण डोळ्यांच्या कडेच्या रेषा पुसणारा लेयर मुद्दाम ३० टक्क्यांवर ठेवला. रेषा दिसत होत्या, हसताना दिसतात तेवढ्याच. तासाभरात करेक्शन आली: डोळ्यांपाशी राहिलंय. मी ५० केला. पुन्हा आली. मग शंभरावर नेला, सेव्ह केलं, पाठवून दिलं. या वेळी कानाच्या पाळ्याही विसरले नाही.