खोक्यावरचे वॉट आणि दारामागची वायर

वायरिंग हाच माझा धंदा. दुसऱ्याच्या घरातला स्विचबोर्ड उघडून "हे कुणी करून ठेवलंय?" असं विचारणारा मी, पण माझ्याच व्हॅनच्या दारात काय बसवलंय ते बघायला मला तीन आठवडे लागले. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

व्हॅन कामाची. मागे शिड्या, पाइप, केबलची भेंडोळी, त्यामुळे खडखडाट कायमचा. गाडीबरोबर आलेल्या स्पीकरपैकी एकाचा कागद फाटला होता. दिवसाचे तीन-चार तास गाडीतच जातात, म्हणून स्वस्तातले का होईना, कंपोनंट स्पीकर टाकायचं ठरवलं. यात जाड आवाजाचा वूफर वेगळा, बारीक आवाजाचा ट्वीटर वेगळा आणि दोघांत आवाजाची वाटणी करणारा क्रॉसओव्हर. वूफर दारात खाली राहतो, ट्वीटर वर कानाजवळ नेता येतो. एरवी बारीक आवाज पाय आणि सीटच गिळून टाकतात.

दुकानातल्या डेमो बोर्डावर बेस असा घुमला की मी तिथेच विरघळलो. बोर्डामागे अ‍ॅम्प्लिफायर आहे का, निव्वळ बेससाठीचा सबवूफर आहे का, एका शब्दाने विचारलं नाही. खोक्यावर ठळक अक्षरांत ६०० वॉट. ब्रँडचं नाव एका प्रसिद्ध नावासारखंच, फक्त एक अक्षर इकडचं तिकडे. ते मला दिसलं होतं, खोटं कशाला बोलू. पण भाव बघून डोळेझाक केली.

या ६०० चा हिशोब तेव्हा करायला हवा होता. साध्या कार स्टिरिओवर ५० गुणिले ४ असं छापलेलं असतं, पण वेगळा अ‍ॅम्प्लिफायर नसेल तर तो एका चॅनेलला सलग साधारण १५ ते २० वॉटच देतो. मग ६०० चं करायचं काय? बघायचं ते आरएमएस, म्हणजे स्पीकर सतत झेलू शकतो ती पॉवर, आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर तो किती मोठा वाजतो ते. सेन्सिटिव्हिटी ३ डेसिबलने जास्त असेल तर तेवढ्याच आवाजाला निम्मी पॉवर पुरते. माझ्या खोक्यावर या दोन्हींचा पत्ता नव्हता.

"गाडी सोडून जा, संध्याकाळी न्या," फिटर म्हणाला. मी सोडून गेलो. सगळ्यात मोठा मूर्खपणा हाच.

संध्याकाळी आवाज मोठा होता, पण बेस पातळ. विचारलं तर म्हणे, "नवीन आहेत, मोकळे व्हायला वेळ लागतो." पटलं! तिसऱ्या आठवड्यात डावा ट्वीटर बंद पडला, तेव्हा कुठे मी दाराचं पॅनल काढलं.

आधी क्रॉसओव्हर हातात आला. हलवला तर आत काहीतरी खुळखुळलं. वरच्या लेबलवर १२ डीबी प्रति ऑक्टेव्ह, ४००० हर्ट्झ, म्हणजे वाटणीची सीमा ४००० वर आणि काट कडक; शेजारी सर्किटची नक्षी. चार स्क्रू काढले. आत गोंदाने डकवलेला एकच कपॅसिटर, २२ मायक्रोफॅरडचा. तशा कडक काटीला कपॅसिटरबरोबर कॉइलही लागते, ती नाहीच. वूफरची वायर या टोकाने आत, त्या टोकाने सरळ बाहेर. चार ओहमच्या ट्वीटरला ४००० हर्ट्झवर तोडायचं तर एकटा कपॅसिटर साधारण १० मायक्रोफॅरडचा लागतो. २२ चा टाकला की ती सीमा १८०० च्या आसपास येते, आणि तीही ढिली. बिचारा ट्वीटर वूफरचं काम करत होता. जळणारच.

मग वूफर. मागचं जाडजूड चुंबक म्हणजे रबराची टोपी निघाली. ती ओढली तर आत प्लास्टिकचं कडं आणि मधोमध वाटीच्या बुडाएवढं खरं चुंबक. स्पीकरची वायर चाकूने खरवडली तर वर तांबूस, आत पांढरी. तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. बिलात दोन्ही दारांना डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर दाबणारा थर, लावली होती. प्रत्यक्षात स्पीकरच्या भोकातून दिसेल तेवढाच तळहाताएवढा तुकडा, तोही डांबराचा वास येणारा.

पातळ बेसचं कोडं दीड व्होल्टच्या सेलने सुटलं. सेलचं अधिक टोक वायरच्या अधिक टोकाला क्षणभर टेकवलं की कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा कागद, बाहेर यायला हवा. उजवा बाहेर आला, डावा आत गेला. एका बाजूच्या वायरी उलट्या जोडल्या की दोन्हीकडचा बेस एकमेकांना मारतो. मोकळं व्हायचं होतं ते स्पीकरला नव्हे, माझ्या डोक्याला.

स्पीकरच्या जगात पांढऱ्या व्हॅनची एक जुनी ठगी प्रसिद्ध आहे: "गोदामातून दोन जोड्या जास्त आल्या" म्हणत रस्त्यात थांबवून भिकार माल गळ्यात मारायचा. इथे व्हॅन माझी होती, एवढाच फरक.

दुकानात सगळं घेऊन गेलो तर उत्तर तयार: पॅनल तुम्ही उघडलं, वॉरंटी संपली. बिलावर 'स्पीकर सेट १ नग', मॉडेल नंबर नाही, काय सिद्ध करणार? माझे जुने स्पीकर मागितले तर ते भंगारात गेले म्हणे. तुम्ही गाडी देणार असाल तर पॅनल लावण्याआधी मला बोलवा म्हणून सांगा, आणि जुने स्पीकर डिकीत टाकायला लावा. फिटरने तोंड वाकडं केलं तर किल्ली परत मागा.

घरी येऊन डाव्या वायरी सरळ केल्या. बेस लगेच आला, फुकटात. डाव्या ट्वीटरच्या जागी अजून भोकच आहे. उजवा वाजतोय, किती दिवस ते बघू.