नव्या टबाचे पैसे घेऊन जुनाच टब चिकटवून दिला : वॉशिंग मशीनच्या दुरुस्तीतील फसवणूक

फ्रंट लोड वॉशिंग मशीनचे बेअरिंग गेले, की अलीकडच्या अनेक यंत्रांच्या बाबतीत "पूर्ण टबच बदलावा लागेल" असे सांगितले जाते, आणि हे सांगणे दर वेळी खोटे असते असे नाही. याच अर्ध्या खऱ्या गोष्टीचा आधार घेऊन अमळनेरला आमच्याकडून नव्या टबाचे साडेआठ हजार रुपये घेण्यात आले आणि प्रत्यक्षात आमचाच जुना टब कापून, चिकटवून परत बसवण्यात आला. आपल्या खानदेशात बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरणारी घरे पुष्कळ आहेत. त्यामुळे हा प्रसंग इतरांवरही येऊ शकतो, म्हणून सर्व तपशील देत आहे.

कपडे ज्यात फिरतात तो स्टीलचा ड्रम आत असतो आणि पाणी धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा टब त्याच्या बाहेर असतो. पूर्वी या टबाचे दोन अर्धे भाग मध्ये रबरी गॅस्केट घालून स्क्रूने आवळलेले असत. ते उघडून जाणकार कारागीर बेअरिंग बदलून देत. आता अनेक यंत्रांत हे दोन भाग कारखान्यातच वितळवून कायमचे जोडलेले येतात. टबाच्या मागच्या भिंतीत बेअरिंगे आणि त्यांच्या पुढे ऑइल सील बसवलेले असते. सील झिजले, की साबणाचे पाणी बेअरिंगमध्ये शिरते, ग्रीस धुऊन निघते, गंज चढतो आणि कपडे पिळताना यंत्र जेट विमानासारखे घोंघावू लागते. सीलच्या कडेवर क्षार साचत गेले, तर ही झीज आणखी लवकर होते.

आमच्या यंत्राचेही असेच झाले. कंपनीचे अधिकृत केंद्र गावात नसल्यामुळे, दुकानाच्या फलकावर "अधिकृत" असे लिहिलेल्या एका कारागिराला बोलावले. त्याने दार उघडून आतला ड्रम हाताने वर उचलून दाखवला. ड्रम खटखट हलत होता. हे निदान बरोबर होते, एवढे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. "ताई, हा टब सीलबंद आहे, उघडला की संपला. जळगावहून नवीनच मागवावा लागेल," असे सांगून त्याने निम्मी रक्कम आगाऊ घेतली. जुना टब "कंपनीत जमा करावा लागतो" म्हणून तो सोबत घेऊन गेला आणि नंतर "नवा" टब आणून बसवला. पावतीवर "ड्रम असेंब्ली" एवढे दोनच शब्द होते. सुट्या भागाचा क्रमांक नव्हता आणि जीएसटी क्रमांकही नव्हता.

काही आठवडे यंत्र शांत चालले. मग कपडे पिळताना खालून पाणी येऊ लागले आणि एके दिवशी त्याच वेळी घरातला ईएलसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, पडला. आमच्या यंत्रात टबाच्या खालीच मोटार आहे, आणि गळणारे पाणी थेट तिच्यावर पडत होते. पैशांची फसवणूक एका बाजूला राहिली. ओल्या फरशीवर उभे राहून यंत्राला हात लावणाऱ्या माणसाच्या जिवाशी हा खेळ होता, आणि याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

गावातल्याच एका वयस्कर कारागिराला बोलावले. त्यांनी मागचा पत्रा काढून बॅटरी मारली आणि लगेच म्हणाले, "हाऊ डबा नवा नही शे." मग त्यांनी एकेक खूण दाखवली. दोन भागांच्या सांध्यावर सगळीकडे करवतीचे वेडेवाकडे ओरखडे होते. त्यावर फासलेला पिवळसर डिंक नखाने उचलताच लांब पट्टीसारखा अखंड सुटून आला. त्याखालचे प्लॅस्टिक कोरडे आणि गुळगुळीत होते. टबाच्या बाहेरच्या अंगावर रुपयाएवढा एक गोल ठसा होता, त्यात 1 ते 12 आकडे, मध्ये वर्षाचे दोन अंक आणि महिन्याकडे रोखलेला बाण. प्लॅस्टिकचा भाग साच्यातून कधी निघाला, हे असा ठसा सांगतो. आमच्या टबावरचा महिना यंत्र विकत घेण्याच्या आधीचा होता. गोदामात जुना माल पडून राहू शकतो, असे कोणी म्हणेल. पण टबाच्या आतल्या भिंतीवर पांढऱ्या क्षाराचा जो जाड थर होता, तो गोदामात बसत नाही.

डिंक का धरला नाही, तेही त्यांनी समजावून सांगितले. असे टब बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि त्यांच्या अंगावर "पीपी" ही अक्षरे साच्यातच उमटवलेली असतात. या प्लॅस्टिकला फेविक्विक किंवा इपॉक्सी यांसारखे नेहमीचे डिंक धरत नाहीत; वरवर चिकटल्यासारखे दिसते आणि ताण येताच सुटते. "एबीएस" लिहिलेले असेल तर गोष्ट वेगळी, कारण ते अॅसिटोनमध्ये विरघळते आणि त्याचे तुकडे एकजीव होतात. शिवाय टबावर येणारा ताण साधा नसतो. मिनिटाला 1000 फेऱ्यांच्या वेगाने ड्रम फिरतो, तेव्हा त्याच्या कडेला कपड्यांवर त्यांच्या वजनाच्या सुमारे अडीचशेपट जोर येतो, आणि कपडे एका बाजूला गोळा झाले की त्याचे हादरे बेअरिंगमार्फत टबालाच सोसावे लागतात.

सीलबंद टब कापून दुरुस्त करणे यात मुळात काही गैर नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. याच कारागिरांनी तोच टब पुन्हा उघडून नीट करून दिला. सांध्याबाहेरच्या कडेवर त्यांनी ठरावीक अंतराने भोके पाडली, जुना डिंक खरवडून काढला, प्लॅस्टिकचा चुरा पंपात अडकू नये म्हणून टब धुऊन घेतला, सांध्यात सिलिकॉन सीलंट भरला आणि सगळीकडून स्टेनलेस स्टीलचे नट-बोल्ट आवळले. पाणी अडवण्याचे काम सिलिकॉन करते, पण जोर बोल्ट सोसतात. हा भेद पहिल्या कारागिराला कळत नव्हता किंवा त्याला पर्वा नव्हती. सिलिकॉन पूर्ण सुकण्यासाठी टब पूर्ण दिवसभर तसाच ठेवला. आधीची बेअरिंगेही बदलावी लागली, कारण ती हलक्या प्रतीची होती. बेअरिंगच्या कडेवर 6205, 6206 असे आकडे कोरलेले असतात. याच मालिकेची बेअरिंगे शेतीपंपाच्या मोटारींतही लागत असल्यामुळे ती आपल्याकडे तालुक्याच्या गावीही मिळतात. मजुरी धरून सगळा खर्च नव्या टबाच्या रकमेच्या निम्माही झाला नाही, आणि त्यांनी पावतीवर स्वच्छ लिहिले : "जुना टब कापून बेअरिंग व सील बदलले, टब नट-बोल्टने जोडला."

नवा टब घ्यायचाच असेल, तर तो खोक्यातून निघताना स्वतः पाहावा, त्यावरचा गोल ठसा वाचावा आणि पावतीवर भागाचा क्रमांक लिहून घ्यावा. ज्याचे पैसे आपण दिले त्या कामातला जुना भाग आपल्याच घरी राहिला पाहिजे; "कंपनीत जमा" हे कारण ऐकले, की जमा केल्याची लेखी पोच मागावी. यंत्र खोलण्यापूर्वी टबावरच्या सगळ्या खुणांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत.

जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावती न देणे हीदेखील त्यातच मोडते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही. आम्ही तक्रारीला दोन्ही पावत्या, ठशाचा आणि क्षाराच्या थराचा फोटो आणि दुसऱ्या कारागिरांचे लेखी म्हणणे जोडले आहे. सोलून काढलेली डिंकाची पट्टीही पाकिटात घालून जपून ठेवली आहे.