लर्निंग सेंटरमधला ऑन-कॅम्पस जॉब: टेक्नॉलॉजी असिस्टंट व्हावं की स्ट्रॅटेजी असिस्टंट?

अमेरिकेत आलेली आपली पोरं ऑन-कॅम्पस जॉब म्हटलं की डायनिंग हॉल, लायब्ररी, नाहीतर प्रोफेसरच्या मागे लागून मिळवलेलं ग्रेडिंग, एवढंच बघतात. लर्निंग सेंटरकडे वळलीच तर ट्यूटर व्हायला. पण जिथे पीअर लर्निंगचा, म्हणजे विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांना शिकवण्याचा, पसारा जरा मोठा आहे तिथे आतल्या ऑफिसात अजून दोन जागा असतात, एक टेक्नॉलॉजी असिस्टंट आणि एक स्ट्रॅटेजी असिस्टंट, नावं जागोजागी बदलतात, कुठे प्रोग्रॅम असिस्टंट म्हणतात कुठे असेसमेंट, काम तेच. मी दोन्ही खुर्च्यांवर बसलोय, आधी टेक, मग जागा निघाली तशी स्ट्रॅटेजी. त्यामुळे हँडशेक या जॉब पोर्टलवर ही दोन पोस्टिंग शेजारी शेजारी बघून कोणी अडकलं असेल तर माझे दोन शब्द. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा), एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर), आय-९ (नोकरीला लागताना भरायचा फॉर्म) हे सगळं माहीत आहे असं धरून चालतो.

पगाराचं आधी उरकतो कारण त्यात तुलना करण्यासारखं फार नाही. आमच्याकडे दोन्हीला ताशी रेट सारखाच होता. एफ-१ वर साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा टॅक्स पगारातून कापत नाहीत, तेही दोन्हीकडे सारखंच. पे स्लिपवर कापलेलं दिसलं तर लाजू नका, सरळ पेरोलवाल्यांकडे जा.

आता मुळात ही दोन कामं कुठून येतात ते बघा. पीअर लर्निंगचा जो प्रकार सगळीकडे पसरला, सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन, तो १९७३ मध्ये मिसुरी युनिव्हर्सिटीच्या कॅन्सस सिटी कॅम्पसवर डियाना मार्टिन यांनी सुरू केला. त्यातली गंमत अशी की कच्ची मुलं हुडकायची नाहीत, अवघड कोर्स हुडकायचे. ज्या कोर्समध्ये डी किंवा एफ ग्रेड मिळणारे आणि मधेच सोडून जाणारे मिळून साधारण तीस टक्क्यांच्या वर जातात तो अवघड, मग तिथे आधी चांगले मार्क घेऊन गेलेला एखादा सीनियर बसवायचा आणि सेशन सगळ्यांना खुली, यायचं तर या नाहीतर नका येऊ. हजेरीची सक्ती नाही म्हटल्यावर कोण आलं आणि किती वेळ बसलं हे नोंदवायला यंत्रणा लागते, ते टेकवाल्याचं. आणि कुठल्या कोर्सला, कुठल्या दिवशी, किती वाजता सेशन ठेवलं तर पोरं येतील हे कोणीतरी बसून ठरवावं लागतं, ते स्ट्रॅटेजीवाल्याचं. एकाच रजिस्टरच्या दोन बाजू म्हणा.

टेकचं काम ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात दिवसाची सुरुवात कशी होते सांगतो. दारात एक टॅबलेट असतो, पोरं आत येताना कार्ड स्वाइप करतात आणि जाताना निम्मी विसरतात. मग सिस्टीमला वाटतं की हा पठ्ठ्या काल दुपारी चारपासून आज सकाळी नऊपर्यंत कॅल्क्युलस करतोय. त्या उघड्या राहिलेल्या व्हिजिट रोज सकाळी एकेक करून बंद करायच्या, नाहीतर महिन्याच्या रिपोर्टमध्ये आमच्या सेंटरएवढं अभ्यासू सेंटर अख्ख्या देशात सापडणार नाही. मग ट्यूटरांची वेळापत्रकं बुकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायची, कॅनव्हास या कोर्सच्या वेबसाइटवरची लिंक तुटली असेल ती जोडायची, कोणाचं लॉगिन चालत नाही ते बघायचं. शिवाय २०२४ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने सरकारी युनिव्हर्सिट्यांच्या वेबसाइटी आणि ऍप दिव्यांगांना वापरता आले पाहिजेत म्हणून डब्ल्यूसीएजी २.१ या वेबसाइटींच्या मानकाचा नियम घातला, त्यामुळे जुन्या व्हिडिओंना कॅप्शन आणि स्कॅन केलेल्या पीडीएफची साफसफाई हा एक न संपणारा ढीग टेकवाल्याच्या टेबलावर आलाय.

वाईट काम आहे असं मी म्हणत नाही. उलट शिकायला चिक्कार मिळतं. ज्याला कोड लिहायचाच आहे त्याने दोन-तीन स्क्रिप्ट लिहून निम्मं काम आपोआप होईल असं करून ठेवावं, मी त्या उघड्या व्हिजिटांचं तसं केलं होतं, सगळे खूष. आणि समाधान लगेच मिळतं, बिघडलं होतं, चालू झालं, विषय संपला. ज्याला स्पष्ट काम आवडतं, सांगा आणि करून टाकतो, त्याला ही जागा चांगली मानवेल.

स्ट्रॅटेजीत तसं काहीच नाही, पहिले काही आठवडे आपल्याला पगार कशाचा देतायत हेच कळत नाही. मीटिंगा फार. डायरेक्टरला पहिल्या नावाने हाक मारायची, आपल्याला ते सर-मॅडमच्या सवयीमुळे जमत नाही, ते एक वेगळंच. काम काय तर पुढच्या सेमिस्टरला कुठले कोर्स घ्यायचे याची यादी, डीनसाठी एका पानाची नोट, सर्व्हे, आणि बजेट मागताना लागणारे आकडे. या आकड्यांत एक खरी गोम आहे. सेशनला येणाऱ्यांचे ग्रेड न येणाऱ्यांपेक्षा चांगले दिसतात, पण जी मुलं आपणहून येतात ती मुळातच धडपडी असतात, मग फरक आपल्या सेशनचा की त्यांचाच? हे प्रामाणिकपणे मांडायचं आणि तरीही पैसे मंजूर होतील असं मांडायचं, आणि तेही दोन परिच्छेदांत आणि इंग्रजीत. माझं लिखाण या एका गोष्टीने जेवढं सुधारलं तेवढं कुठल्याच कोर्सने नाही सुधारलं.

एक उदाहरण देतो, माझ्या डोळ्यासमोरचं. ऑरगॅनिक केमिस्ट्रीची गुरुवारची चारची सेशन कायम ओस. सगळ्यांचं मत एकच, सेशन घेणारा लीडर नवीन आहे, त्याला जमत नाहीये. मी रजिस्ट्रारचं टाइमटेबल काढून शेजारी ठेवलं तर त्याच कोर्सच्या लॅबच्या बऱ्याचशा सेक्शन गुरुवारी दुपारीच, म्हणजे पोरं गॉगल लावून तिकडे उभी आणि हा बिचारा इकडे रिकाम्या खोलीत मार्कर घेऊन बसलेला. सेशन सहाला नेली आणि खोली भरायला लागली. याला काही मोठा डेटा सायन्स लागला नाही, एक्सेलमध्ये दोन कॉलम शेजारी ठेवले एवढंच. पण आता इंटर्नशिपच्या इंटरव्ह्यूत समोरचा माणूस याच गोष्टीवर प्रश्न विचारत बसतो, माझ्या स्क्रिप्टबद्दल सहसा कोणी खोदून विचारत नाही. सगळ्यांचा अनुभव असाच असेल असं नाही, माझा आहे.

तरी खरं सांगायचं तर मी यासाठी टेक सोडलं नाही. सोडलं ते रविवारच्या संध्याकाळमुळे.

झालं काय, एफ-१ वर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला वीस तास, हे सगळ्यांना पाठ असतं. पण हे वीस तास कॅम्पसवरच्या सगळ्या कामांचे मिळून असतात आणि दर आठवड्याचा हिशेब वेगळा, या आठवड्यात पंधरा केले म्हणून पुढच्या आठवड्यात पंचवीस असं चालत नाही. माझ्याकडे आधीच ग्रेडिंगचे आठ तास होते, म्हणजे इथे उरले बारा. आता टेकचं काम बारा तासांत बसतं का? एरवी बसतं. मिडटर्मच्या आठवड्यात नाही बसत. आणि सिस्टीम बिघडते ती नेमकी तेव्हाच, कारण एरवी तिच्यावर लोडच नसतो. लाइनमनची आठवण गावाला लाइट गेल्यावरच येते, तसं.

रविवारी संध्याकाळी हॉस्टेलच्या तळमजल्यावर सेशन असायची, आणि साडेसहा वाजले की फोन वाजायला सुरुवात. टॅबलेट लॉगिन मागतोय. स्वाइप होत नाहीये. खोली बदलली ते वेबसाइटवर दिसत नाही, जरा एक मिनिट बघतोस का. ते एक मिनिट कधीच एक मिनिट नसतं. आणि मी कात्रीत, कारण तास लिहिले तर वीसच्या वर जायची भीती, आणि न लिहिता करून देतो म्हणायचीही सोय नाही, ताशी पगाराचं काम तास न नोंदवता करणं इथे कायद्यात बसत नाही, तुम्ही राजीखुषीने केलं तरी. अमेरिकन पोरांना हे कळतच नाही, त्यांच्या दृष्टीने दहा मिनिटांचा प्रश्न आहे, आपल्या दृष्टीने व्हिसाचा. सुपरवायझर चांगली होती, ती म्हणायची फोन उचलू नकोस. पण खाली चाळीस पोरं खोळंबलेली आणि मी वर खोलीत फोन उलटा ठेवून बसलोय, हे मला तरी जमत नव्हतं. कोणाला जमत असेल तर उत्तम.

स्ट्रॅटेजीत हा ताप नाही. रविवारी रात्री साडेआठला कोणालाही डीनची नोट तातडीने लागत नाही. बारा तास मी ठरवतो, मंगळवार-गुरुवार सलग बसतो, परीक्षेच्या आठवड्यात सहा करतो, पुढे भरून काढायची गरजही नाही कारण काम डेडलाइनला बांधलेलं असतं, घंटेला नाही. एक तोटा आहे तो सांगून टाकतो, विद्यार्थ्यांचे ग्रेड हाताळायचे म्हणजे फर्पा, म्हणजे विद्यार्थ्यांची माहिती गुप्त ठेवायचा कायदा आला, त्यामुळे ती फाइल घरच्या लॅपटॉपवर न्यायची नाही, ऑफिसातल्याच मशीनवर बसायचं. बर्फ पडत असताना त्यासाठी बस पकडून जायला कंटाळा येतो. पण बस माझ्या वेळेने पकडतो.

घरी हे पटवणं अवघड गेलं. बाबा अजून विचारतात, "अरे, कॉम्प्युटरचं शिकायला गेलास ना, मग मीटिंगा कसल्या करतोस?" त्यांचंही चूक नाही, रेझ्युमेवर टेक्नॉलॉजी असिस्टंट हे शब्द लगेच कळतात आणि स्ट्रॅटेजी असिस्टंट वाचून माणूस भुवया उंचावतो. ज्याचा ग्रॅज्युएशनचा प्रोजेक्ट सोडला तर हाताला कामाचा अनुभवच नाही त्याने पहिलं सेमिस्टर टेक करावं, त्यात हरकत काही नाही, आणि तुमच्याकडे दुसरी नोकरी नसेल, अख्खे वीस तास मोकळे असतील, तर माझी तक्रार तुम्हाला कदाचित जाणवणारही नाही. ग्रेडिंग किंवा दुसरं काही धरून बसला असाल तर मात्र मी स्ट्रॅटेजीकडेच बोट दाखवीन.

आणि टेकचाच इंटरव्ह्यू दिलात तर शेवटी ते विचारतात ना, तुमचे काही प्रश्न आहेत का, तेव्हा टूल कुठली वापरता वगैरे विचारू नका, ते वेबसाइटवर असतंच. संध्याकाळी आणि वीकेंडला सिस्टीम बंद पडली तर फोन कोणाला जातो, एवढंच विचारा. "आमच्या फुल टाइम स्टाफला" असं उत्तर पटकन आलं तर बिनधास्त घ्या. समोरचे दोघं एकमेकांकडे बघायला लागले तर शेजारच्या पोस्टिंगला पण अर्ज टाकून ठेवा.