दावाओमधला रोजचा किराणा आणि खाणे: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

फिलिपिन्समधल्या दावाओ शहरात वैद्यकीय शिक्षणासाठी मराठी मुलेमुली बऱ्याच संख्येने येतात. इथल्या खाण्याच्या खर्चाबद्दल त्यांना जे सांगितले जाते, ते बहुतेक वेळा मॉलमधले सुपरमार्केट आणि भारतीय जिन्नसांचे दुकान या दोन ठिकाणांपुरतेच असते. बाहादा भागातल्या एका भाड्याच्या घरात आम्ही तिघीजणी गेले वर्षभर स्वयंपाक करून राहत आहोत. एक पूर्ण शाकाहारी, एक नागपूरची आणि तिखटाशिवाय घास न उतरणारी, आणि मी सिंधुदुर्गातली, म्हणजे भात, नारळ आणि मासे असले की समाधानी. तिघींचा हिशेब एकाच वहीत लिहिला जातो आणि त्या वहीवरून माझे मत पक्के झाले आहे. इथे जे पिकते ते ताटात मुख्य धरले आणि भारतातून येणारे जिन्नस फोडणीपुरते ठेवले, तर दावाओ स्वस्त शहर आहे. पोळी, तूरडाळ आणि पनीर यांचा रोजचा आग्रह धरला, तर महिन्याच्या पंधरा तारखेलाच पाकीट रिकामे होते. पुढे दिलेल्या किमती अंदाजाने घ्याव्यात, कारण त्या हंगामाप्रमाणे हलतात. एक पेसो म्हणजे साधारण दीड रुपया असे धरून चालावे.

भाजीपाल्यासाठी शहरात बांकेरोहानच्या मंडईला पर्याय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दावाओ नदीजवळची ही मंडई शहरातली सर्वांत मोठी आहे. आसपासच्या डोंगराळ भागातून भाज्यांचे ट्रक तिथे रात्री आणि पहाटे उतरतात, त्यामुळे सकाळी सातच्या आत पोहोचणाऱ्याला मिळणारा माल आणि दुपारी मिळणारा माल यांत दराचाही फरक असतो आणि ताजेपणाचाही. जीपनीने, म्हणजे इथल्या सामायिक प्रवासी गाडीने, जाऊन येण्याचा खर्च धरूनसुद्धा आठवड्याची भाजी मॉलपेक्षा बरीच स्वस्त पडते. काही भाज्या किलोवर, तर काही वाट्यावर विकल्या जातात, आणि वाट्याचा माल घेताना खालच्या थरातले टोमॅटो किंवा वांगी हातात घेऊन पाहण्याला कोणी हरकत घेत नाही. वजनाबद्दल शंका आली, तर सार्वजनिक मंडयांमध्ये गिऱ्हाइकांसाठी वेगळा अधिकृत तराजू ठेवणे २०२२ च्या कायद्याने बंधनकारक केलेले आहे आणि त्याचा उपयोग संकोच न करता करावा. घासाघीस आपल्याकडच्यासारखी चालत नाही. फार ताणले तर विक्रेती हसून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळते. त्याऐवजी त्याच त्या गाळ्यावर जात राहिले की नेहमीच्या गिऱ्हाइकाला इथे ‘सुकी’ म्हणून जी वागणूक मिळते ती मिळू लागते, आणि मग न मागता मूठभर मिरच्या किंवा आल्याचा तुकडा पिशवीत पडतो. आमच्या भाजीवालीला आम्ही ‘आते’ म्हणजे ताई म्हणतो, ती आम्हाला लाडाने ‘दाय’ म्हणजे मुली म्हणते, आणि कोणती भाजी आज नको तेही ती आपणहून सांगते.

कोकणातल्या माणसाला इथल्या भाज्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. शेवग्याचा पाला इथे कामुंगाय या नावाने जवळजवळ प्रत्येक गाळ्यावर असतो आणि अगदी क्षुल्लक किमतीला मिळतो. मायाळू म्हणजे आलुगबाती. अळूची पाने, केळफूल, दुधी, दोडका, कारले, भेंडी, लाल भोपळा, चवळीच्या लांब शेंगा आणि लांबट जांभळी वांगी वर्षभर दिसतात. कच्चा फणस चिरून, सोलून पिशवीत भरलेला मिळतो, म्हणजे हाताला तेल लावून चिकाशी झगडण्याचे कामच उरत नाही. ही सोय मला आमच्या गावच्या बाजारातही कधी मिळाली नव्हती. याशिवाय ‘लाव-उय’ नावाच्या स्थानिक पातळ भाजीसाठी भोपळा, भेंडी, वांगे, शेंगा आणि पाला यांचा एकत्र चिरलेला वाटा विकायला ठेवलेला असतो. त्यात मुगाची डाळ किंवा नारळाचे वाटण घातले की तिघींचे एका वेळचे जेवण होते. परीक्षेच्या आठवड्यात आम्ही जवळजवळ यावरच जगतो. कोथिंबीर मात्र इथे दुर्मीळ आहे. काही सुपरमार्केटांत ती लहान जुडीत आणि चढ्या भावाने मिळते, तर कढीपत्ता मला मंडईत एकदाही दिसलेला नाही. कांद्याच्या भावावर विश्वास ठेवू नये. २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला या देशात कांदा किलोला ७०० पेसोंपर्यंत गेला होता आणि त्या काळात इथे राहिलेल्या वरिष्ठ मुली अजूनही कांदा जपून चिरतात.

नारळाबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण आमच्या वहीतली सर्वांत समाधानकारक नोंद तीच आहे. मंडईत नारळ निवडून दिला की विक्रेता तो फोडतो, यंत्रावर खवून देतो आणि हवे असल्यास तिथेच दाबून दूधही काढून देतो. हा खवलेला नारळ त्याच दिवशी वापरावा किंवा लगेच गोठवावा, कारण इथल्या दमट हवेत तो संध्याकाळपर्यंत आंबूस होतो. स्वयंपाकासाठी खोबरेल तेल सर्रास वापरले जाते आणि त्याला आपल्याकडच्या घाण्याच्या तेलासारखा उग्र वास नसतो, त्यामुळे नागपूरच्या मैत्रिणीचाही त्याला असलेला विरोध हळूहळू मावळला. माडाच्या ताडीपासून केलेले व्हिनेगर बाटलीत भरून विकले जाते. गोव्याच्या स्वयंपाकात जे माडाचे व्हिनेगर लागते त्याच्या हे फार जवळचे आहे, आणि माशाच्या आंबट-तिखट कालवणाला मी आता चिंचेऐवजी तेच घालते.

तांदळाच्या दुकानांत उघड्या पेट्यांमध्ये तांदूळ मांडलेला असतो आणि प्रत्येक पेटीत जात व किलोचा भाव लिहिलेली पाटी खोचलेली असते. साधारण ४५ ते ६० पेसोंच्या दरम्यान रोजचा चांगला तांदूळ मिळतो. सरकार तांदळाच्या भावात वारंवार हात घालते. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये साध्या तांदळाला ४१ आणि जास्त पॉलिश केलेल्या तांदळाला ४५ पेसोंची कमाल मर्यादा घातली गेली होती आणि ती महिनाभराने उठवण्यात आली. २०२५ मध्ये सेबू बेटापासून सुरू झालेली २० पेसो किलोची योजना ठरावीक गरजू गटांसाठी आहे, तेव्हा परदेशी विद्यार्थ्यांनी त्या भावाची अपेक्षा करू नये. जातींपैकी दिनोरादो सुवासिक आणि मऊ असतो. तो वरणभाताला उत्तम, पण फोडणीच्या भाताला गिचका होतो, म्हणून मसालेभातासाठी लांब दाण्याचा जास्मिन घ्यावा. ‘पिलित’ लिहिलेला चिकट तांदूळ रोजच्या भातासाठी चुकूनही घेऊ नये. गोड पदार्थांना मात्र तो चांगला.

त्याच दुकानांत, बहुधा कोपऱ्यातल्या पेटीत, पांढऱ्या मक्याच्या कण्या असतात, आणि माझ्या मते या शहरातला सर्वांत दुर्लक्षित जिन्नस हाच आहे. मिंदानाव (दावाओ ज्या बेटावर आहे ते) आणि विसाया भागातली अनेक कुटुंबे या कण्या भाताऐवजी किंवा भातात मिसळून शिजवतात, त्यामुळे त्या वेगवेगळ्या जाडीच्या मिळतात. बहुतेक वेळा त्या तांदळापेक्षा स्वस्त असतात. सर्वांत बारीक प्रतीच्या कण्या तेलावर खमंग भाजून त्यांचा उपमा केला, तर रव्याची आठवण येत नाही. फक्त पाणी जास्त लागते आणि झाकण ठेवून धीराने शिजवावे लागते. भारतीय दुकानातला रवा आम्ही त्यानंतर आणलाच नाही. पोह्यांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. पिनिपिग नावाचे चेपलेले तांदूळ दिसायला पोह्यांसारखे असले तरी ते चिकट तांदळाचे असतात, आणि त्यांचे कांदेपोहे करायला गेल्यास कढईत लगदा तयार होतो.

डाळींमध्ये इथे अख्खे हिरवे मूग राजा आहेत. ते कुठेही मिळतात, लोक ते आवडीने खातात, विशेषतः शुक्रवारी, आणि दरही आवाक्यातला असतो. आमच्याकडे आठवड्यातून तीनदा मुगाची आमटी, उसळ किंवा मोड आलेल्या मुगाची कोशिंबीर होते. तूरडाळ, कणीक, हिंग, मोहरी, गोडा मसाला यांसाठी भारतीय दुकानाला शरण जावेच लागते. मला आलेला वाईट अनुभव अशाच एका दुकानातला आहे. तिथून आणलेल्या कणकेत घरी येईपर्यंत टोके चालताना दिसले, पिशवीवरची मुदत उलटून गेली होती आणि पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून पाकीट उजेडात धरून तारीख वाचल्याशिवाय मी पैसे काढत नाही. या देशात गहू जवळजवळ पिकत नाही, त्यामुळे कणीक स्वस्त होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. पोळी रविवारी करावी आणि एरवी भातावर किंवा बेकरीतल्या पांदेसालवर भागवावे. गल्लीतल्या बेकरीत सकाळी गरम मिळणारे हे छोटे पाव मिसळीसोबत पावाची जागा बऱ्यापैकी घेतात, फक्त ते किंचित गोड असतात.

दूध हा या शहराचा, किंबहुना या देशाचा सर्वांत कमकुवत भाग आहे. दुधाचे जवळजवळ सगळे पदार्थ आयात होतात. खोक्यातले टिकाऊ दूध लिटरला शंभर पेसोंच्या आसपास जाते, लोक भुकटीचे दूधच जास्त वापरतात, आणि तयार दह्याचा लहान डबा घेताना हात आखडतो. यावर आमचा उपाय असा आहे की, जिवंत जिवाणू असल्याचे लिहिलेले साधे दही एकदा विरजणापुरते आणावे आणि खोक्यातल्या दुधाला विरजण लावावे. इथल्या उकाड्यात दही पाच-सहा तासांत घट्ट लागते. ताक, कढी आणि दहीभात एवढ्यावर निभते. पनीरचा नाद आम्ही सोडला. त्याऐवजी तोकवा, म्हणजे सोयाबीनचे घट्ट पनीर, मंडईत ताजे आणि स्वस्त मिळते, आणि ते आधी तळून रश्श्यात सोडले तर चालून जाते, उत्कृष्ट मात्र लागत नाही.

मासे खाणाऱ्यांसाठी थोडक्यात: बांगड्याच्या जातीचे मासे, तिलापिया, बांगुस (मिल्कफिश) आणि ट्यूना ताजे मिळतात, पण सकाळीच जावे. ट्यूनाच्या मोठ्या तुकड्यांपेक्षा शेपटीकडचा भाग आणि जबड्याकडचा भाग स्वस्त पडतो. बांगुसला बारीक काटे फार असतात, म्हणून काटे काढलेला मागावा. टोमॅटोच्या रसातल्या तारलीचे डबे वीस-पंचवीस पेसोंना मिळतात, आणि मालवणी मसाला घालून पाच मिनिटे उकळलेल्या त्या डब्याने मला अनेक रात्री तारले आहे.

बाहेर जेवायचे असेल तर कारिंदेरिया, म्हणजे काचेआड किंवा पातेल्यांत मांडलेले पदार्थ बोट दाखवून घेण्याची खानावळ, सर्वांत स्वस्त. एक भाजी आणि भात मिळून साठ-सत्तर पेसोंत पोट भरते. शाकाहारी मैत्रिणीसाठी मात्र ही जागा अवघड आहे, कारण भाजी दिसायला भाजीच असली तरी तिच्यात डुकराच्या मांसाचे तुकडे, सुकी मासळी किंवा कोळंबीची आंबवलेली चटणी असू शकते, आणि ‘मांस नको’ म्हटल्यावर बरेचदा फक्त वरचे तुकडे बाजूला सारले जातात. मुस्लिम वस्ती असल्यामुळे शहरात हलाल पाटी लावलेल्या खानावळी आहेत. तिथे डुकराचे मांस आणि चरबी टळते, मासे टळत नाहीत. तिच्यासाठी खात्रीचा पर्याय म्हणजे बांकेरोहानमधला सकाळचा पुतो माया. नारळाच्या दुधात आले घालून वाफवलेला चिकट भात, सोबत हंगामात आंबा आणि सिक्वाते, म्हणजे स्थानिक कोकोच्या वड्या पाण्यात घुसळून केलेले गरम पेय. कोकोच्या या वड्या, तब्लेया, दावाओची खरी ओळख आहेत आणि त्यांची एक गुंडाळी महिनाभर पुरते. संध्याकाळी कोळशावर भाजून मार्गारीन आणि साखर लावलेले केळे, गिनांगगांग, दहा-पंधरा पेसोंना मिळते.

फळांवर खर्च करताना हंगाम पाहावा. लाकातान केळी बारा महिने चांगली असतात. ऑगस्टमधल्या कादायावान उत्सवाच्या सुमारास दुरियान, मँगोस्टीन, रांबुतान, मारांग आणि लांझोनेस यांचे ढीग लागतात आणि भाव निम्म्यावर येतात. दुरियानमध्ये पुयात ही जात गोड आणि तुलनेने महाग. पहिल्यांदा चाखणाऱ्याने हंगाम भरात असताना एखादे साधे फळ गाळ्यावरच फोडून घेऊन तिथेच खावे, कारण त्याच्या उग्र वासामुळे बहुतेक हॉटेले आणि अनेक घरमालक ते आत आणू देत नाहीत. आमच्या घरमालकीणबाईंनी तसा कागदच दारावर लावला आहे. इथला पोमेलो, म्हणजे पपनसच, मात्र मला आपल्याकडच्याहून अधिक आवडला.

कोपऱ्यावरच्या सारी-सारी दुकानांतून शांपूपासून तेलापर्यंत सारे काही पुडीत मिळते. एका पुडीचे सात-आठ पेसो जाणवत नाहीत, परंतु महिन्याचा हिशेब केल्यावर तेच सामान सुपरमार्केटमधल्या मोठ्या पिशवीत स्वस्त पडत होते असे दिसते. तेल, मीठ, साबण आणि अंड्यांचा तीसचा ट्रे या चार गोष्टींसाठीच आम्ही महिन्यातून एकदा मॉलच्या सुपरमार्केटमध्ये जातो आणि तिथली भाजी पाहतसुद्धा नाही. पिण्याच्या पाण्याचा पाच गॅलनचा निळा कॅन गल्लीतले केंद्र तीस पेसोंच्या आसपास घरपोच देते.

येताना सामानात हिंग, गोडा आणि मालवणी मसाला, आमसुले आणि मोहरी बंद पाकिटांत आणावी. ताजी फळे, भाज्या आणि बियाणे यांना इथल्या वनस्पती-तपासणी विभागाची परवानगी लागते, त्यामुळे आईने शेवटच्या क्षणी बॅगेत कोंबलेला कढीपत्ता घरीच ठेवावा. तूरडाळ दोन किलोपेक्षा अधिक आणू नये. बॅगेतली ती जागा पोह्यांना द्यावी.